कोऱ्या कापडाचा मान

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, रस्सा ओरपायला जातात, चपला आणायला जातात. मी भांडायला गेले होते. तेव्हा हे वाचून कुणी सहलीचा बेत आखू नये. पाच दिवसांत मला रंकाळा एकदाच दिसला, तोही रिक्षातून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालता घालता.

भांडण कशाचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपल्या रक्तातल्या प्रथिनांवर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्यांना ग्लायकन म्हणतात. माणूस आजारी पडला की या साखळ्या बदलतात, म्हणून त्या मोजायच्या. त्यासाठी जोडयंत्र असतं. त्याचा पहिला भाग साखळ्या एकमेकींपासून वेगळ्या करतो आणि दुसरा प्रत्येकीचं वजन सांगतो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हेच करत आले. माझ्या नावावर या मोजणीची एक सुधारलेली पद्धतही आहे. पूर्वी ज्याला चार दिवस लागत ते काम मी दोन दिवसांत बसवलं. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

कोल्हापूरच्या एका संस्थेत त्रिशला नावाची मुलगी याच पद्धतीने संधिवाताच्या रुग्णांचं रक्त तपासत होती. चार वर्षांचं काम. तिला रुग्णांमध्ये अशा साखळ्या सापडल्या, ज्या निरोगी माणसांमध्ये औषधालाही नव्हत्या. तिचा प्रबंध परीक्षणाला माझ्याकडे आला आणि आलेख बघताक्षणी माझं डोकं फिरलं. शिखरं अगदी सारख्या अंतरावर, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एकशे बासष्टने जड. एकशे बासष्ट म्हणजे ग्लुकोजचा एक मणी. नुसत्या ग्लुकोजच्या अशा माळा रक्तातल्या प्रथिनांवर नसतात. त्या बाहेरून येतात, कचऱ्यासारख्या.

पण कचरा आला असता तर सगळ्यांच्याच नमुन्यांत आला असता. इथे तो फक्त रुग्णांच्या नमुन्यांत होता आणि निरोगी माणसांचे नमुने लख्ख. मी तडक संस्थेला पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य लिहिताना मी स्वतःवरच खूश झाले होते: "निष्काळजीपणा माणूस बघून होत नाही." म्हणजे हे कुणीतरी मुद्दाम केलं आहे. संस्थेने समिती नेमली. त्रिशलाची नोंदणी रद्द करायची का, हे एका शुक्रवारी ठरणार होतं. त्याआधी मी स्वतः येऊन पाहावं, अशी तिच्या मार्गदर्शकांनी फोनवर गयावया केली. मी येते म्हटल्यावर ते स्वतः रजेवर गेले.

सोमवार : उसाच्या मागून

कऱ्हाडच्या पुढे रस्ता उकरलेला, आणि उकरलेल्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एकेकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दीडपट ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असा कर्णा की आपल्या छातीत ठोके पडावेत. आमच्या बसने एकाला मागे टाकलं की पुढे दुसरा हजर. मी कंडक्टरला विचारलं, "यांना कुणी काही बोलत नाही का?" तो म्हणाला, "हंगाम हाय की ओ." झालं. एवढ्या एका शब्दावर अख्खा जिल्हा तीन-चार महिने रस्ता अडवून बसतो आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही.

संस्थेत पोचले ती धुळीने आणि रागाने लाल होऊन. प्रयोगशाळेच्या दारातच शोभामावशी भेटल्या. उचगावहून येतात, काचसामान धुण्यापासून किल्ल्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडे. "आलासा? बसा पावणं. आदी पानी घ्या, मग काय त्ये बोला," म्हणत त्यांनी तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. पुण्यात आम्ही परीक्षकाला आधी सही करायला वही देतो. मी गूळ खाल्ला नाही. तो राग दाखवण्याचा माझा पहिला प्रयत्न होता आणि मावशींच्या तो लक्षातही आला नाही.

त्रिशला आत यंत्रापाशी हाताची घडी घालून उभी होती. बारीक चणीची, सव्वीस-सत्तावीसची, नजर खाली न घालणारी.

"तुमीच लिवलंय न्हवं ते पत्र?" तिने विचारलं.

"हो."

"मग उद्या एक नमुना सुरुवातीपासून करायचा. मी करतो, तुमी माझ्याशेजारी उभं राहून बघा. एक मिनिट हलू नका."

कोल्हापुरात मुलीही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. एरवी मला ते ऐकून मजा वाटली असती. त्या दिवशी वाटलं, ही मुलगी माझ्याशी कुस्तीच मागते आहे.

"नमुना कुणाचा?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. तुमचा ज्याच्यावर विश्वास हाय त्याचा."

माझा त्या इमारतीत कुणावरच विश्वास नव्हता. "माझंच रक्त घे," मी म्हटलं.

मंगळवार : शिजायला टाकलेलं रक्त

सकाळी शेजारच्या दवाखान्यात रक्त देऊन आले. मला संधिवात नाही, दुसरंही काही नाही. रक्तदाब तेवढा, तोही अशा पत्रांमुळे. माझा हिशेब सरळ होता. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या निरोगी रक्तात पायऱ्या येणार नाहीत. आल्या नाहीत की सिद्ध झालं: त्या एरवी कुणीतरी घालत होतं.

त्रिशलाचा हात मात्र बघण्यासारखा होता. एक थेंब इकडचा तिकडे नाही. टेबलावर धुतलेल्या काचेच्या कुप्या पांढऱ्याशुभ्र कापडावर पालथ्या मांडल्या होत्या, रांगेत. प्रत्येक कुपी उचलायची, त्याच कापडाचं टोक पिळून आत फिरवायचं, उरलंसुरलं पाणी टिपायचं आणि मग तिच्यात नमुना घालायचा. पुण्यात आम्ही कुपी एकदा वापरून फेकून देतो. इथे धुऊन पुन्हा वापरतात. कापड नवंकोरं होतं, कडेला गिरणीचा निळा शिक्कासुद्धा तसाच. मनात म्हटलं, चला, ओढाताण असली तरी टापटीप आहे. हे मला सुचलं ते नाक वर करूनच सुचलं, हे आता कबूल करते.

दुपारी तीनपर्यंत नमुना रात्रभर मुरायला उबदार पेटीत गेला. मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. वळते तर दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ. त्रिशलाचे वडील, आप्पा. शिरोळहून गाडी घेऊन आले होते.

"मॅडम, जेवाय घरला चला."

"मी तपासायला आले आहे. तुमच्या घरी जेवणं नियमात बसत नाही."

"नियमात जेवान न्हाय व्हय?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "रगात तर शिजाय टाकलासा. त्ये उद्यापातूर काय हुईत न्हाय. मग हितं बसून काय करनार?"

मी पर्स उचलली. चिडचिडत गाडीत बसले.

शिरोळ, दिवस मावळायच्या आत

आप्पांनी आधी गाडी नृसिंहवाडीला नेली. पावणं शिरोळला येऊन वाडी न बघता गेलं तर गाव नावं ठेवतंय, असं त्यांचं म्हणणं. मी घाटाच्या पायरीवर बसले. कृष्णा-पंचगंगेचं पाणी मंद, गढूळसर हिरवं. पावसाळ्यात हेच पाणी देवळात शिरतं आणि शिरोळमध्ये घरांच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर रेघ ओढून जातं. त्यांच्या भिंतीवरची रेघ आप्पांनी मला नंतर दाखवली. येताना त्यांनी माझ्या हातात कवठाच्या बर्फीचा पुडा कोंबला. आंबटगोड, दाताला चिकटणारी. मी ती रागारागाने निम्मी संपवली.

घर जैनांचं, त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि मग ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि खपली गव्हाची हुग्गी जेवले. हुग्गी म्हणजे गूळ-वेलचीतली दाट खीर; ती त्यांनी मला तीनदा वाढली. पुण्यात दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं की वाढणारा सुटल्यासारखा पुढे जातो. इथे 'नको' हा शब्द कुणी ऐकतच नाही.

पण मी सांगणार आहे ते बसण्याचं. मी जाऊन सतरंजीवर टेकणार तोच त्रिशलाच्या आईने मला हाताने थांबवलं. कपाटातून घडीचं कापड काढलं, झटकलं, आणि अंथरलं. ते पापडासारखं कडकड वाजलं. "मामाच्या मागावरचं हाय, इचलकरंजीचं. नव्या कापडाबिगर पावण्याला बसवायचं न्हाय आमच्यात." कडेला तोच निळा शिक्का. बसले, उठले, तर माझ्या जांभळ्या साडीवर मागून पांढरी भुकटी. झटकता झटकेना. नवी साडी, आणि मी तिथेही चिडले. आई हसल्या. "खळ हाय ती. एकदा धुतलं की जातीया."

पत्राबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त गाडीत बसताना आप्पा म्हणाले, "पोरगी खोटं करनारी असंल तर तसं सांगा मॅडम. तोंडावर सांगा. पन तिला इचारून सांगा."

गुरुवार : जिना

बुधवारी नमुना तयार करून यंत्रावर चढवला. गुरुवारी सकाळी मी, त्रिशला आणि शोभामावशी पडद्यासमोर उभ्या राहिलो. माझ्या साखळ्या एकामागून एक उतरू लागल्या. आणि त्यांच्या मधेमधे, सारख्या अंतरावर, पायऱ्या. एकशे बासष्ट, एकशे बासष्ट, एकशे बासष्ट. माझ्या रक्तात.

"कुणी हात लावला याला?" मी ओरडले. पेटीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती आणि नमुना पेटीबाहेर असताना मी त्याच्या शेजारून हलले नव्हते, हे ओरडून झाल्यावर आठवलं.

त्रिशला शांतपणे म्हणाली, "आता माझ्यावर नको मॅडम. तुमच्या रक्तावर लिवा पत्र."

थोबाडीत बसावी तसं झालं. मी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. काय बदललं? रसायनं तीच. यंत्र तेच. निरोगी माणसांचे इतके नमुने स्वच्छ आले, मग माझाच का नाही? मी रुग्णही नाही. माझ्यात आणि रुग्णांमध्ये सारखं काय? टेबलाला टेकले, आणि तिथे अंथरलेल्या त्या पांढऱ्या कापडावर हात पडला. उचलला तर बोटांना पांढरी भुकटी.

"मावशी, हे कापड कुठलं?"

"इचलकरंजीचंच की. त्रिशलाच्या मामाचं. नवं काडलं मंगळवारी."

"नवं का?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अक्कल पुण्याला ठेवून आलेय. "आता पुन्याच्या मॅडमचं रगात, आनि जुनं फडकं मांडू व्हय?"

"आणि एरवी?"

"एरवी धुऊन धुऊन मऊ पडलेलं असतंय त्ये. नवं निस्तं पेशंटच्या कुप्यांना. त्ये पयल्यापास्नं तसंच हाय."

मी त्रिशलाकडे वळले. ती पांढरी पडली होती. तिलाही कळलं होतं.

"मी सांगितलं तसं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्या बायका येत होत्या मॅडम. बोटं सुजलेली. पेन धरवत न्हवतं, तरी सही करून रक्त देत होत्या. म्हणायच्या, आमचं न्हाई तर न्हाई, पुढच्यांचं तरी दुखणं जाईल. त्यांच्या कुप्या जुन्या फडक्यावर कशा पालथ्या घालू? आमच्यात पावण्याला..." तिने वाक्य सोडून दिलं.

मावशींनी औषधाच्या कपाटातून आयोडीनची बाटली आणली. शाळेत बटाट्यावर करतात तो प्रयोग. धुतलेल्या फडक्यावर थेंब टाकला, तांबूस डाग पडला. नव्या कापडावर टाकला. बघता बघता तो काळानिळा झाला. खळ म्हणजे शिजवलेला स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच माळा. कापडाचं टोक आत फिरवलं की त्या कुपीत उतरायच्या. आमच्या रसायनात आम्ल असतंच, त्यात त्या तुटायच्या आणि लांबीप्रमाणे पायऱ्यांनी उभ्या राहायच्या.

आता माझा राग कुणावर काढू हे मला कळेना. म्हणून विचारलं:

"नमुना न घातलेली रिकामी कुपी लावून बघत नव्हतीस? तिच्यात हे दिसलं असतं."

"लावत होतो. दर सोमवारी एक. तुमच्या पद्धतीत तसंच लिवलंय."

"कुठल्या कापडावरची?"

"जुन्या. रिकामीला कशाला नवं?"

मी खुर्चीत बसले. पूर्वी प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामी कुपी लावायचीच, असा रिवाज होता. तिला नमुन्यांसारखंच सगळं करायचं, तेच कापड, तीच रसायनं, फक्त रक्त नाही. वेळखाऊ काम. मीच ते आठवड्यातून एकदा पुरे असं ठरवलं, आणि चाराचे दोन दिवस केले त्यात ही काटछाटही होती. ती माझी सुधारणा. मला त्या क्षणी स्वतःचा इतका संताप आला की मी टेबलावरची माझीच छापील पद्धत उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मावशींनी ती बाहेर काढून, पुसून परत ठेवली.

निष्काळजीपणा माणूस बघून होत नाही, हे मी लिहिलं होतं. काळजी माणूस बघून होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवार : समिती

समितीत तिघे होते, पण बोलले ते फक्त अध्यक्ष. मी आलेख मांडले, काळं पडलेलं कापड मांडलं, पत्र मागे घेते म्हटलं. त्यांनी ते कापड बोटाच्या टोकाने बाजूला सारलं.

"ठीक आहे मॅडम. मुलीला संशयाचा फायदा देऊ."

"संशय कसला? संशय माझा होता, आणि तो चुकीचा होता."

"असं आहे, तुमच्यासारख्या तज्ज्ञांनी एकदा लेखी दिल्यावर... आणि तुमच्याही नावाचा प्रश्न आहे. आपण मोघम लिहू."

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, त्यांच्या कागदांवर. "मोघम नाही. लिहा: दोष पद्धतीचा, आणि पद्धत माझी. मुलीने अप्रामाणिक काही केलेलं नाही. मी सांगते तसं लिहा, मी खाली सही करते." आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला असणार, कारण आम्ही बाहेर आलो तेव्हा शोभामावशी भिंतीला लागून उभ्या होत्या आणि पदराने तोंड झाकून हसत होत्या.

लिहिलं त्यांनी तसंच. नोंदणी राहिली. पण प्रबंधातला शोध गेला. ज्या साखळ्यांवर चार वर्षं उभी होती, त्या इचलकरंजीच्या मागावरच्या निघाल्या. रुग्णांचं रक्त प्रत्येकी एकदाच तपासता येईल इतकं उरलं होतं. मुदत मिळाली एका वर्षाची.

व्हरांड्यात मी त्रिशलाला म्हटलं, "माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "चार महिने झालं पत्राला. तुमी एक फोन केला न्हाईसा. एक. विचारलं असतंसा, कुपी कशी पुसतेस, तर मी सांगितलं असतं. मी काय लपवून ठेवलं न्हवतं." तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं, ती भयंकर चिडली होती, आणि तिला तो हक्क होता. मग नाक पुसून म्हणाली, "रिकामी कुपी परत पद्धतीत घाला. दर तुकडीला. आणि का घातली ते बी लिवा."

मी हो म्हटलं. गेल्या आठवड्यात ते छापूनही गेलं, कापडासकट.

निघताना

बसस्टँडवर आप्पा आणि आई आले होते. मी नको नको म्हणत असताना आईंनी मला बाकावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली: तांदूळ, नारळ, गूळ, आणि वर घडी घातलेलं कोरं कापड. त्यांच्या मुलीची चार वर्षं मी जवळजवळ पुसून टाकली होती, आणि त्या मला नवं कापड देत होत्या. मी कापडावर हात ठेवला. ते कडकड वाजलं. बोटांना भुकटी लागली.

त्रिशला जरा लांब उभी होती. गाडी हलली तेव्हा ती खिडकीपाशी आली.

"मॅडम," ती म्हणाली, "आधी धुवा. मग वापरा."

घरी आल्यावर मी ते बादलीत भिजवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. चौथंही गढूळच निघालं, आणि मी पाचव्यासाठी नळ सोडला.